चेसिस क्रमांक २८१९

ही गाडी आधी मागून पाहावी. फेरारी म्हटले की लांबट बॉनेट, मागे सरकवलेली बसायची जागा आणि मागच्या चाकांवरून हळूहळू खाली उतरत जाणारी गोलाईदार पाठ असे रूप डोळ्यांसमोर येते. या गाडीत ते दारापर्यंतच खरे आहे. त्यानंतर छप्पर खाली यायचे नाव घेत नाही. किंचित उतार घेत ते जवळजवळ सपाटच मागे जाते, मागचे चाक ओलांडते आणि एका जागी सरळ, उभे कापल्यासारखे संपते. १९६२ च्या जूनमध्ये ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी उतरली, तेव्हा फ्रेंच पत्रकारांनी तिला ‘कामियोनेत’, म्हणजे छोटी मालवाहू गाडी, असे म्हटले. इंग्रज पत्रकारांना तिच्यात घरोघरी पाव पोहोचवणारी गाडी दिसली आणि त्यांनी दिलेले ‘ब्रेडव्हॅन’ हे नाव कायमचे चिकटले. कारखान्याने तिला वेगळे नाव दिलेच नव्हते, कारण हे रूप कारखान्याने घडवलेलेच नव्हते. कागदोपत्री ती फेरारी २५० जीटी, चेसिस क्रमांक २८१९, एवढीच होती.

गेली अनेक वर्षे या एका गाडीविषयी हाती लागेल ते मी वाचत आणि पाहत आलो आहे. जुन्या गाड्यांची आवड असलेल्या माझ्या मित्रांना हे थोडे विचित्र वाटते. त्याच वर्षी, त्याच यांत्रिक कुळात जन्मलेली फेरारी २५० जीटीओ ही जगातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत मौल्यवान गाड्यांपैकी एक मानली जाते, आणि ती सोडून तिच्या या चौकोनी भावंडापाशी मी का रेंगाळतो, असे ते विचारतात. माझे उत्तर असे की जीटीओ पाहताना मला एक पूर्णत्वाला गेलेली वस्तू दिसते, तर ब्रेडव्हॅन पाहताना माणसे दिसतात: कोणी काय नाकारले, कोण कोणाला सोडून गेले, पैसे कोणी दिले आणि अर्धवट राहिलेला विचार कोणी हट्टाने पुढे नेला, हे सगळे तिच्या पत्र्यात शाबूत आहे.

त्या काळी गाडीचा सांगाडा आणि तिचे अंग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे आधी लक्षात घ्यावे लागते. मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही, कारण एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत नुसती चेसिस येऊन तिच्यावर बसची बॉडी चढवली जाते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इटलीत हेच काम मोटारगाड्यांच्या बाबतीत ‘कारोझेरिया’ म्हणवणाऱ्या कार्यशाळा करत असत. इंजिन, गिअरबॉक्स, नळ्यांची चौकट आणि चाके एका ठिकाणी तयार व्हायची, आणि अंग दुसऱ्या ठिकाणी, पुष्कळदा हाताने ठोकून. फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे रेखाटन तुरिनच्या पिनिनफारिनाकडे होई आणि शर्यतीच्या गाड्यांचा पत्रा बहुतेक वेळा मोदेनाच्या स्काल्येत्तीच्या कार्यशाळेत चढे. याचा एक परिणाम असा, की अंग बदलता येत असे. अपघात झाला, नियम बदलले, मालकाची लहर फिरली किंवा एखाद्या अभियंत्याला नवे काही सुचले, की जुने अंग उतरवून नवे चढवता येई आणि चेसिसचा क्रमांक मात्र तोच राही. २८१९ च्या बाबतीत नेमके हेच घडले.

तिचा पहिला जन्म १९६१ सालचा. २५० जीटीची ही आवृत्ती ‘शॉर्ट व्हीलबेस’ म्हणून ओळखली जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर आधीच्या २६०० मिलिमीटरवरून २४०० मिलिमीटरवर आणलेले, तीन लिटरला थोडे कमी असे बारा सिलिंडरांचे इंजिन, आणि फेरारीच्या जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींच्या धर्तीवरच्या ‘ग्रँड टूरिंग’, गाड्यांत पहिल्यांदाच बसवलेले डिस्क ब्रेक. ही गाडी १९५९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि पुढची दोन वर्षे तिने आपल्या वर्गात कोणाला फारसे पुढे जाऊ दिले नाही. २८१९ ही त्यातली शर्यतीसाठी बांधलेली, ॲल्युमिनियमच्या अंगाची गाडी होती. त्याच वर्षीच्या ‘टूर द फ्रान्स’ या, रस्ते, शर्यतीचे मार्ग आणि घाटचढाया एकत्र गुंफलेल्या, अनेक दिवस चालणाऱ्या मोटार स्पर्धेत ओलिव्हिए जांदबिएँ आणि ल्युसियाँ बियांकी या जोडीने तिला दुसऱ्या क्रमांकावर आणले. त्यानंतर ती व्हेनिसच्या एका तरुण सरदाराच्या संघाकडे गेली. इथवर तिची कहाणी तिच्या बहिणींपेक्षा वेगळी नाही.

वेगळेपण सुरू होते ते जोत्तो बिझ्झारिनी या माणसापासून. लिव्होर्नो परगण्यात १९२६ साली जन्मलेले बिझ्झारिनी पिसा विद्यापीठातून अभियंता होऊन बाहेर पडले, काही काळ अल्फा रोमिओत होते आणि १९५७ मध्ये फेरारीकडे आले. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते गाडीची चाचणी स्वतः चालवून घेत. कागदावर मांडलेला आकडा आणि वळणावर बुडाला जाणवणारी गाडी या दोहोंचा पडताळा एकाच माणसाने घ्यायचा, ही त्यांची रीत होती. १९६१ मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींनी त्यांच्यावर एक काम सोपवले. शॉर्ट व्हीलबेस गाडीचे पुढचे नाक उंच आणि बोथट होते, त्यामुळे सरळ, लांब रस्त्यावर तिचा वेग हवेपुढे अडखळत असे. पुढच्या वर्षीपासून निर्मात्यांचे जागतिक अजिंक्यपद जीटी वर्गाच्या गाड्यांना दिले जाणार होते, त्यामुळे या गाडीची वारस तयार करणे निकडीचे होते. बिझ्झारिनींनी इंजिन खाली घेतले, मागे सरकवले, नाक लांब आणि सखल केले. त्यांचा पहिला नमुना दिसायला इतका ओबडधोबड होता की वार्ताहरांनी त्याला राक्षस ठरवले. पण त्या राक्षसाच्या पोटातच जीटीओ होती.

ती पूर्ण होताना पाहायचे भाग्य मात्र बिझ्झारिनींना लाभले नाही. १९६१ हे वर्ष फेरारीच्या घरात विजयाचे आणि दुःखाचे एकत्रच आले. सप्टेंबरमध्ये मोंत्सा येथे फोन ट्रिप्स हा त्यांचा चालक आणि त्याच्याबरोबर कितीतरी प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि त्याच शर्यतीत फिल हिल जगज्जेता झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच कारखान्यातली आतली धुसफूस उघड्यावर आली. एन्झो यांच्या पत्नी लाउरा यांचा कारभारातला वाढता हस्तक्षेप, त्यावरून विक्रीप्रमुख जिरोलामो गार्दिनी यांच्याशी झालेला खटका आणि गार्दिनींची हकालपट्टी, असे प्रकरण वाढत गेले. वरिष्ठांनी एकजुटीने लेखी तक्रार पाठवली. एन्झो फेरारींनी त्या सगळ्यांना दार दाखवले. मुख्य अभियंता कार्लो किती, संघव्यवस्थापक रोमोलो ताव्होनी आणि बिझ्झारिनी एकाच फटक्यात बाहेर पडले. जीटीओचे उरलेले काम मॉरो फोर्गिएरी या सव्विशीतल्या अभियंत्याच्या हाती आले आणि अंगाला अंतिम आकार स्काल्येत्तीकडे मिळाला. फोर्गिएरींनी ते उत्तम केले, पुढची कित्येक वर्षे त्यांनी फेरारीचा तांत्रिक डोलारा पेलला, हे मान्य करायलाच हवे. तरीही आपल्या टेबलावरचा अर्धा कागद दुसऱ्याने पूर्ण करावा आणि आपण तो वर्तमानपत्रात पाहावा, याने बिझ्झारिनींच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता तो तरुण सरदार. काउंट जोव्हान्नी व्होल्पी यांचे वडील जुझेप्पे व्होल्पी हे मुसोलिनीच्या काळातले अर्थमंत्री आणि मोठे उद्योगपती. १९३२ साली सुरू झालेल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचे ते संस्थापक. तिथले अभिनयाचे पारितोषिक आजही व्होल्पी चषक म्हणूनच दिले जाते. याच महोत्सवात १९३७ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या मराठी संतपटाचा गौरव झाला होता, त्यामुळे हे घराणे आपल्याला वाटते तितके परके नाही. वडील गेले तेव्हा जोव्हान्नी लहान होते. मोठी संपत्ती हाती आली आणि त्यांनी विशीतच शर्यतीचा संघ उभारला. ‘स्कुदेरिया सेरेनिस्सिमा’ हे त्याचे नाव जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या बिरुदावरून आलेले, आणि बोधचिन्ह सेंट मार्कचा पंखवाला सिंह. श्रीमंताच्या मुलाचा छंद म्हणून या संघाकडे पाहता येणार नाही, कारण १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत याच संघाच्या फेरारीने जिंकली.

व्होल्पींनी नव्या जीटीओची मागणी नोंदवली होती. पण फेरारीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी बोलोन्यात एटीएस नावाची नवी मोटार कंपनी काढायचे ठरवले, तेव्हा त्यांना पैसे पुरवणाऱ्या तिघांत व्होल्पीही होते. ही बातमी मारानेल्लोत, म्हणजे फेरारीच्या कारखान्याच्या गावी, पोहोचल्यावर पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एन्झो फेरारींनी व्होल्पींना जीटीओ द्यायला साफ नकार दिला. मला हा नकार क्षुद्र वाटत नाही. आपल्या घरातून फुटून गेलेल्यांना जो आर्थिक आधार देतो, त्याच्याच हाती आपले सर्वांत धारदार शस्त्र कोणता माणूस देईल? पण कारण रास्त असले तरी परिणाम अटळ होता. व्होल्पींकडे पैसा होता, संघ होता, मागच्या वर्षीची एक शॉर्ट व्हीलबेस गाडी होती, आणि ज्याने जीटीओचा पाया घातला तो अभियंता आता मोकळा होता.

बिझ्झारिनींनी २८१९ वर जे केले ते पाहिल्यावर वाटते, की जीटीओत जे करायचे होते ते त्यांनी इथे कोणालाही न विचारता केले. इंजिन जीटीओपेक्षाही मागे, चालकाच्या पायांकडे सरकवले. इंजिनाखाली तेल साठवणारे खोल भांडे काढून टाकले आणि तेल वेगळ्या टाकीत नेणारी ड्राय संप पद्धत बसवली, त्यामुळे इंजिन आणखी खाली बसले. हवा आणि इंधन मिसळून इंजिनाला देणाऱ्या तीन कार्ब्युरेटरांच्या जागी दुहेरी नळीचे सहा वेबर कार्ब्युरेटर लावले, म्हणजे बारा सिलिंडरांना बारा स्वतंत्र श्वासनलिका मिळाल्या. इंजिन इतके खाली जाऊनही बॉनेट त्याहून सखल ठेवायचे होते, तेव्हा वर येणारी कार्ब्युरेटरांची तोंडे झाकायला बॉनेटवर पारदर्शक प्लास्टिकचा एक उंचवटा बसवला. या गाडीची जवळून घेतलेली छायाचित्रे पाहताना माझी नजर त्या उंचवट्यावर खिळते. त्यातून आत पाहिले की कर्ण्याच्या आकाराची बारा धातूची तोंडे दोन-दोनांच्या जोडीने ओळीत उभी दिसतात, आणि बाकीचा लाल पत्रा त्यांच्यापासून सगळीकडे खाली उतरत गेलेला. हा उंचवटा एवढाच का, याचे उत्तर त्याखालची तोंडे एवढीच उंच आहेत, हे आहे. सगळी गाडीच अशी आहे. गाडीचे वजन ९३५ किलोच्या आसपास आले, जीटीओपेक्षा सुमारे ६५ किलो कमी. गिअरबॉक्स मात्र जुनाच, चार गतींचा राहिला. जीटीओला पाच होत्या. मारानेल्लोचे दार बंद असल्याची खूण गाडीच्या पोटात अशी राहून गेली.

आणि मग ते शेपूट. हवेतून जाणाऱ्या वस्तूला खरा त्रास पुढून होतो, असे आपल्याला वाटते. पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकताना प्रवाहशास्त्राच्या तासाला हा समज पहिल्यांदा मोडतो. पुढून बाजूला सारलेली हवा मागे पुन्हा शांतपणे एकत्र यावी लागते. ती आली नाही तर गाडीमागे भोवऱ्यांनी भरलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तोच गाडीला मागे खेचत राहतो. थेंबासारखी लांबच लांब निमुळती शेपटी असेल तर हवा अंगाला चिकटून राहते, पण एवढी लांब शेपटी घेऊन वळणावर कोण जाणार? शेपटी आखूड करण्यासाठी ती झपाट्याने निमुळती केली, तर उतार जरा जास्त होताच हवा पत्रा सोडून देते. स्टुटगार्टमध्ये संशोधन करणाऱ्या वुनिबाल्ड काम यांनी १९३०च्या दशकात यावर जो मार्ग सांगितला तो धीट होता: उतार मंदच ठेवा, लांब शेपटी असणार आहे असे समजूनच आकार काढा, आणि जिथे सोयीचे असेल तिथे सरळ कापा. उरलेली शेपटी नसली तरी हवेला फारसा फरक पडत नाही. शिवाय मागे झपाट्याने उतरणारे छप्पर विमानाच्या पंखासारखे वागून गाडीचा मागचा भाग उचलू पाहते. छप्पर उंच ठेवले की हा दोषही घटतो. जीटीओ १९६२ च्या फेब्रुवारीत पत्रकारांना दाखवली तेव्हा तिची पाठ साधी होती; चाचण्यांनंतर तिच्या शेपटाला वर वळलेली पट्टी जोडावी लागली. बिझ्झारिनींनी व्होल्पींच्या गाडीत काम यांचा विचार शेवटपर्यंत नेला. छप्पर खाली उतरवून मग पट्टी जोडण्यापेक्षा त्यांनी छप्परच मागपर्यंत नेले.

हा विचार पत्र्यात उतरवला मोदेनाच्या पिएरो ड्रोगो यांनी. हे गृहस्थ स्वतः शर्यती चालवलेले होते, काही वर्षे व्हेनेझुएलात काढून परतले होते आणि १९६० च्या इटालियन ग्राँ प्रीतही धावले होते. त्यांच्या ‘कारोझेरिया स्पोर्ट्स कार्स’ या कार्यशाळेला मोठ्या नावांचे वलय नव्हते, पण मोदेनाच्या परिसरात पत्रा ठोकणाऱ्या कुशल हातांची कमतरता कधीच नव्हती. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लाकडाच्या ओंडक्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवून मठारायचा, गोलाई आली की साच्याच्या चौकटीवर लावून पाहायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा मठारायचा, तुकडे एकमेकांना झाळायचे आणि सांधे घासून सपाट करायचे, असे ते काम. गोल आकारापेक्षा सपाट आकार हातोडीने काढणे कठीण असते, कारण मोठ्या सपाट पत्र्यावर प्रत्येक चूक उन्हात उघडी पडते. ब्रेडव्हॅनचे ते लांब छप्पर आणि मागच्या बाजूच्या त्या पसरट कडा पाहताना मला आकार काढणाऱ्याइतकीच ठोकणाऱ्याची आठवण येते. त्यांची नावे इतिहासात कोणी लिहून ठेवली नाहीत, ही गोष्ट मला खटकते. ड्रोगो स्वतः १९७३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्याआधी त्यांच्या कार्यशाळेने १९६६ च्या सुमारास खुद्द फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी अंगे बनवली. मारानेल्लोचे दार सगळ्यांसाठी कायमचे बंद नव्हते तर.

२३ जून १९६२, शनिवार. ले माँच्या मैदानात लाल रंगाची, १६ क्रमांकाची ही गाडी उभी होती आणि तिच्या आसपास जीटीओ होत्या, ज्यांच्यातली एकही व्होल्पींना मिळाली नव्हती. चालक दोन: इटलीचे कार्लो आबाते आणि इंग्लंडचे कॉलिन डेव्हिस. डेव्हिस यांच्या वडिलांनी, सॅमी डेव्हिस यांनी, १९२७ साली हीच शर्यत बेंटली गाडीतून जिंकली होती. गाडी पाहून हसणाऱ्यांना पहिल्या काही तासांतच गप्प बसावे लागले. ले माँच्या मार्गावर तेव्हा सुमारे सहा किलोमीटरचा एक सलग सरळ रस्ता होता आणि तिथे शेपटाचा हिशेब चुकता होत असे. ब्रेडव्हॅन सगळ्या जीटीओंच्या पुढे गेली आणि एकूण क्रमवारीत सातव्या स्थानावर धावू लागली. चौथ्या तासाच्या सुमारास इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टने दगा दिला आणि गाडी थांबली. शर्यत फेरारीच्याच ३३० गाडीने, फिल हिल आणि जांदबिएँ यांनी जिंकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी जीटीओ आल्या. निकालाच्या तक्त्यात ब्रेडव्हॅनच्या वाट्याला ‘शर्यत सोडली’ एवढीच नोंद आली.

उरलेल्या हंगामाबद्दल थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये ब्रँड्स हॅच येथे डेव्हिस यांनी आणि त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या ओलाँ-व्हिलार घाटचढाईत आबाते यांनी तिच्यातून जीटी वर्ग जिंकला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या मोंत्लेरी मार्गावर एक हजार किलोमीटरच्या शर्यतीत डेव्हिस आणि लुदोविको स्कार्फिओत्ती यांनी ती तिसरी आणली. तिच्या पुढे दोन जीटीओ होत्या आणि पहिल्या गाडीत मेक्सिकोचे रॉड्रिगेझ बंधू होते. त्यातला धाकटा, वीस वर्षांचा रिकार्दो, त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मेक्सिको सिटीत सराव करताना गेला. त्या काळच्या शर्यतींविषयी वाचताना असे मृत्यू पानोपानी भेटतात, आणि गाड्यांच्या सौंदर्यात रमून गेलेल्या माणसाने ते गाळून पुढे जाऊ नये असे मला वाटते. ज्या हलक्या, पातळ पत्र्याचे आपण कौतुक करतो, त्याच पत्र्याच्या आत ही पोरे बसलेली असत.

जीटीओ एकूण ३६ झाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरे येथील लिलावात त्यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दुसरीने ५ कोटी १७ लाख डॉलरचा टप्पा गाठला. ब्रेडव्हॅन एकच आहे. ती पुढे अनेक हातांतून फिरली, अमेरिकेतही राहिली, आणि अलीकडच्या काळात युरोपातल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत पुन्हा जोरात धावताना दिसते. शोभेच्या कपाटात न बसता ती रस्त्यावर आहे, याचे मला मनापासून समाधान आहे.

तिच्याविषयी विचार करताना एक प्रश्न मला दरवेळी अडवतो. जुन्या गाड्यांच्या जगात ‘मूळ रूप’ या गोष्टीला फार मान आहे. कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी, तेच इंजिन, तोच पत्रा, शक्य तर तोच रंगही, यावर तिची किंमत आणि प्रतिष्ठा ठरते. या न्यायाने २८१९ चे मूळ रूप १९६१ चे, स्काल्येत्तीच्या अंगाचे, टूर द फ्रान्समध्ये दुसरे आलेले. ते रूप सुंदरही होते. पण ते परत आणायचे म्हणजे बिझ्झारिनींचा विचार आणि ड्रोगोच्या कारागिरांचे काम पुसून टाकायचे, आणि तसे करायला आज कोणी धजावणार नाही. म्हणजे एका टप्प्यावर बदल हाच मूळ ठरतो. तो टप्पा कोणता? मला वाटते, बदल करणाऱ्याकडे त्या वस्तूशी वाद घालण्यासारखे काही ठोस असेल, तेव्हा तो हक्क त्याला मिळतो. पैशाची ऐट मिरवण्यासाठी चढवलेली अंगेही त्या काळात पुष्कळ झाली, त्यांतली कित्येक दिसायला याहून देखणी होती, आणि ती आज कोणाला आठवत नाहीत. ब्रेडव्हॅनमध्ये सजावट म्हणून केलेली एकही गोष्ट मला आजवर सापडलेली नाही. तिच्या कुरूपतेचीही कारणे देता येतात, आणि कारणे कळल्यावर ती मला कुरूप दिसायची थांबली.

तिचा विचार पुढे कुठे गेला, तेही पाहण्यासारखे आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत कॅरोल शेल्बी यांच्यासाठी पीटर ब्रॉक या तरुणाने कोब्रा या उघड्या गाडीच्या चेसिसवर ‘डेटोना’ नावाचे बंद अंग चढवले. त्यानेही काम यांचे संशोधन अभ्यासले होते आणि त्याचेही शेपूट उंच आणि कापलेले होते. ते पाहून जाणत्यांनी माना हलवल्या. १९६५ साली त्याच गाड्यांनी जीटी वर्गाचे जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिरावून घेतले. ब्रॉक यांनी ब्रेडव्हॅनवरून काही घेतले, असे मला म्हणायचे नाही. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी एकच उत्तर मिळाले, आणि दोन्ही ठिकाणी आधी हसे झाले, एवढेच नोंदवायचे आहे.

व्होल्पी यांनी एटीएसमधून लवकरच अंग काढून घेतले आणि ती कंपनीही फार काळ टिकली नाही. बिझ्झारिनी मात्र थांबले नाहीत. फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांनी मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या बारा सिलिंडरांच्या पहिल्या इंजिनाची रचना बिझ्झारिनींनी केली, आणि त्या इंजिनाचे वंशज सुधारत सुधारत २०१० पर्यंत लाम्बोर्गिनीच्या गाड्यांत धावत राहिले. त्यानंतर त्यांनी ईझो कंपनीसाठी आणि पुढे स्वतःच्या नावाने गाड्या केल्या. ईझो ग्रिफो ए३/सी ही त्यांची शर्यतीची गाडी १९६५ मध्ये ले माँला एकूण नववी आली आणि तिने आपला वर्ग जिंकला. २०२३ च्या मे महिन्यात, ९६ व्या वर्षी, ते गेले. त्या ए३/सीचे अमेरिकन व्ही-आठ इंजिन त्यांनी नेहमीप्रमाणे मागे, आणखी मागे ढकलत इतके केबिनकडे नेले होते, की सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा तर मेकॅनिकला बॉनेट उघडून उपयोग नसे. त्याला गाडीत बसून डॅशबोर्डवरचे झाकण काढावे लागे.